आधी ट्रेसराउट जोडा

नेटवर्कचं कुठलंही दुखणं घेऊन कुणाकडेही जा, पहिला प्रश्न ठरलेला. "पिंग जातंय का?" मेल उघडत नसो, फाइल अडकलेली असो, प्रिंटर रुसून बसलेला असो, आधी पिंग. विचारणाऱ्याला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि पुढची काही मिनिटं समोरचा गुंतून राहतो. पंचाईत एवढीच की फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची राखणदार, कडक असेल तर या प्रश्नाचं उत्तर नेटवर्क ठणठणीत असतानाही "नाही", आणि नेटवर्कनं मान टाकलेली असतानाही "नाही". तरी विचारतात. नेटानं विचारतात.

पिंग हा बिचारा मुळात फार भाबडा प्रोग्रॅम. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी तो डिसेंबर 1983 मध्ये एका संध्याकाळी हजारेक ओळींत लिहून काढला. समोरच्या यंत्राला हाक मारायची, त्यानं ओ द्यायची, मधे किती मिलिसेकंद गेले ते मोजायचं. संपला विषय. म्यूस यांनीच एक किस्सा सांगून ठेवलाय. एका नेटवर्कवाल्याची लाइन मधूनच तुटायची, मधूनच जुळायची. त्यानं पिंगचं उत्तर एका बोलणाऱ्या प्रोग्रॅमला जोडलं, तो ऑफिसातल्या स्टीरिओला जोडला आणि आवाज सहन होईल तितका वाढवला. मग यंत्र दर सेकंदाला "पिंग, पिंग" असं ओरडतंय आणि हा पठ्ठ्या इमारतभर हिंडत एकेक कनेक्टर हलवून बघतोय! जिथे हात लावला आणि आवाज बंद पडला, तिथे दुखणं सापडलं. हा प्रयोग मी काम करतो त्या ऑफिसात केला, तर एकही कनेक्टर न हलवता सगळीकडे स्मशानशांतता असेल आणि इमारतीतला प्रत्येक कनेक्टर गुन्हेगार ठरेल.

कारण आमच्या फायरवॉलवर एक नियम आहे: आयसीएमपी, सर्व प्रकार, बंद. आयसीएमपी म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांची आपापसातली निरोपानिरोपी. पिंगची हाक आणि ओ त्यातच येते, शिवाय "पुढे रस्ता नाही", "हे पॅकेट फिरून फिरून दमलं, मी टाकून दिलं" असले निरोपही. (पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एकेक गठ्ठा.) हा नियम कुणी घातला ते कुणालाच आठवत नाही. फायरवॉल बदलली की जुन्यातले नियम नव्यात उतरवून घेतात, तसा तोही पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलाय. त्याच्या मागे थोडा इतिहास आहे, नाही असं नाही. 1996-97 च्या सुमारास 65,535 बाइटांच्या मर्यादेपेक्षा मोठं होईल असं पिंग तुकड्यातुकड्यांनी पाठवून लोक समोरचं यंत्र बसवायचे. नंतर एकाच हाकेला अख्ख्या नेटवर्कनं मिळून ओ द्यावी आणि तिसऱ्याच कुणाचे तरी कान फुटावेत, असाही प्रकार निघाला. ती भोकं बुजवूनही जमाना लोटला, पण शिक्षा चालूच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आयसीएमपीच्या पोटात लपवून माहिती बाहेर नेता येते हेही खरं, पण मग आमच्याकडे मोठमोठी अटॅचमेंट मेलनं बाहेर जातात त्याचं काय, हे विचारायची सोय नाही.

बरं, बंद करायचं तर निदान "बंद आहे" असं सांगावं. तशी सोय आहे. आयसीएमपीतच तिसऱ्या प्रकारातला तेरावा निरोप नेमका त्याचसाठी ठेवलेला आहे: प्रशासकीय कारणानं मनाई. पण आमची फायरवॉल ताकास तूर लागू देत नाही. पॅकेट गिळते आणि गप्प बसते. नकार मिळाला तर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. इथे लिनक्सचं यंत्र जोडणी करायला निघालं की दोन मिनिटांहून जास्त वेळ आशेवर बसून राहतं.

तर माझी फाइल. बाहेरच्या एका सर्व्हरवर मला रोज काही फाइली चढवाव्या लागतात. एका सकाळी चढेनाशा झाल्या. लॉगइन होत होतं, फोल्डरांची यादी दिसत होती, दोन ओळींची फाइल सुळकन जात होती. मोठी फाइल टाकली की तीन टक्क्यांवर जाऊन ठाण मांडायची. मी तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. हेल्पडेस्कवरच्या मुलाचा फोन आला.

"सर, पिंग जातंय का?"

"इथून कुठेच पिंग जात नाही. बंद आहे ते."

"हो का? मग सर्व्हर डाउन असेल."

"मी आत्ता त्यावर लॉगइन करून बसलोय."

थोडा वेळ पलीकडून कीबोर्डचा आवाज. "ठीक आहे सर, ट्रेसराउट पाठवा. त्याशिवाय नेटवर्क टीम तिकीट घेत नाही."

ट्रेसराउटची युक्ती खरोखर डोकेबाज आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि ज्याच्या हातात तो शून्य होतो तो पॅकेट फेकून देऊन पाठवणाऱ्याला तसं कळवतो. मग मुद्दाम एक आकडा घालून पॅकेट सोडायचं, मग दोन, मग तीन. एकेक राउटर आपणहून तोंड उघडतो आणि सगळी वाट कळते. अट एवढीच की ते कळवणं आपल्यापर्यंत पोचलं पाहिजे, आणि कळवायचं साधन तेच, आयसीएमपी.

म्हणजे ज्या खात्यानं ट्रेसराउट बंद केला, तेच खातं ट्रेसराउट जोडल्याशिवाय तक्रार ऐकायला तयार नव्हतं.

तरी चालवला. पहिल्या ओळीत आमच्याच मजल्यावरचा राउटर, एक मिलिसेकंद. त्याला बघून भरून आलं. त्यानंतर ओळीला तीन तारका आणि "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". विंडोज प्रत्येक तारकेसाठी चार सेकंद थांबतं आणि तीस टप्प्यांपर्यंत हार मानत नाही, म्हणजे हा कार्यक्रम जवळजवळ सहा मिनिटं चालतो. शेजारच्या सहकाऱ्यानं "विंडोजचं काही खरं नाही, लिनक्सवर करून बघ" असा सल्ला दिला. लिनक्सचा ट्रेसराउट पिंगऐवजी 33434 पासून पुढच्या यूडीपी पोर्टांवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांक घातलेल्या दारांवर, पॅकेटं सोडतो. तेही पोर्ट बंदच. तारका मात्र तिथे भराभर आल्या, एवढाच फरक.

मी त्या तारकांचं चित्र तिकिटाला जोडलं. तासाभरात उत्तर: "दुसऱ्या टप्प्यापासून नेटवर्क बंद दिसते. सर्व्हरच्या मालकाशी संपर्क साधावा."

इथे कुणीही शहाणा माणूस हात टेकतो. मी पोर्ट तपासायला घेतलं. पूर्वी यासाठी टेलनेट असायचं, पण व्हिस्टापासून विंडोजनं ते आपणहून द्यायचं बंद केलंय आणि वेगळं चालू करायचं तर ॲडमिनचे अधिकार हवेत. पॉवरशेलमध्ये मात्र एक आज्ञा आहे. तिनं सर्व्हरच्या 443 क्रमांकाच्या पोर्टवर टकटक करून खणखणीत "ट्रू" दिला. तोही जोडला. झालं! आता नेटवर्क टीमला आनंदाचं भरतं आलं. "443 उघडा आहे. नेटवर्क व्यवस्थित आहे. तिकीट बंद करत आहोत." म्हणजे सकाळी दुसऱ्या टप्प्यापासून बंद असलेलं नेटवर्क दुपारी, कुणी हातही न लावता, व्यवस्थित झालं होतं. पुरावा म्हणून त्यांनी स्पीड टेस्टचा फोटोही पाठवला. काटा हिरव्यात, वेग डोळे दिपवणारा. स्पीड टेस्टवाल्या साइटकडे जाणारी वाट वेगळी आणि माझ्या सर्व्हरकडे जाणारी वेगळी, हे फोनवर समजावताना माझा आवाज थोडा चढला असावा, कारण पलीकडून "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय" असं सांगण्यात आलं.

खरं तर माझ्याकडे एक बिनतोड पुरावा होता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीच फाइल चहा गार व्हायच्या आत गेली होती. पण ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरचं नेटवर्क जोडणं नियमात बसत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी फायरवॉल सांभाळणाऱ्या मॅडमच जेवणाच्या सुट्टीत भेटल्या. मी गाऱ्हाणं सुरू केलं, "लॉगइन होतं, छोटं जातं, मोठं अडकतं," आणि त्यांनी घास हातात तसाच ठेवून विचारलं, "त्या सर्व्हरचं ट्रॅफिक परवा नवीन टनेलमधून वळवलंय ना?" (टनेल म्हणजे पॅकेटांना वरून वेष्टन चढवून नेणारी वाट.) पिंगचं नाव नाही! माणसाला कामाचं कळत असलं की प्रश्न बदलतो.

आम्ही त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी पडद्यावर नियमांची यादी उघडली. प्रत्येक नियमासमोर एक आकडा असतो, त्या नियमानं आजवर किती पॅकेटं अडवली त्याचा. "टाका फाइल," त्या म्हणाल्या. मी टाकली. 'आयसीएमपी, सर्व प्रकार, बंद' समोरचा आकडा हलला. थोड्या वेळानं पुन्हा हलला, मग दुप्पट वेळ थांबून पुन्हा. इकडे माझ्या लॅपटॉपचं तेच पॅकेट उत्तराविना परत परत जात होतं, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून, आणि तिकडे प्रत्येक खेपेला कुणीतरी मला काहीतरी सांगायला येत होतं आणि दारातच गिळलं जात होतं. मॅडमनी त्यातलं एक पॅकेट पकडून उघडलं. आत निरोप होता: तुमचं पॅकेट मोठं आहे, तुकडे करायला तुम्हीच मनाई केली आहे, इथून पुढे 1400 च चालेल.

अख्खा दिवस मी ज्या उत्तरासाठी तारका मोजत होतो, ते उत्तर आकड्यासकट फायरवॉलच्या पोटात पडून होतं.

झालं होतं ते असं. माझा लॅपटॉप नेहमीप्रमाणे 1500 बाइटांची पॅकेटं पाठवत होता. नव्या टनेलमध्ये टनेलचं स्वतःचं वेष्टन चढत असल्यामुळे 1400 चीच जागा होती. लॉगइनची चिटुकली पॅकेटं आरपार जात होती आणि फाइलची मोठी पॅकेटं जिन्यात आडव्या अडकलेल्या कपाटासारखी तोंडाशीच थांबत होती. अशा वेळी "लहान पाठव" असं पाठवणाऱ्याला कळवायची पद्धत 1990 सालीच, आरएफसी 1191 या इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणाऱ्या दस्तऐवजात, ठरवून ठेवलीय. कळवायचं साधन अर्थात आयसीएमपी. निरोप अडवला तर नेमकी माझ्यासारखी गत होते, हेही 2000 सालच्या आरएफसी 2923 मध्ये लिहून ठेवलंय. त्याला तिथे चक्क कृष्णविवर म्हटलंय. गंमत म्हणजे 1191 लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, स्टीव्ह डीअरिंग, यांच्याच सूचनेवरून व्हॅन जेकबसन यांनी ट्रेसराउट लिहिला. एका माणसाची दोन सत्कृत्यं आमच्या फायरवॉलनं एकाच ओळीत निकालात काढली होती. आयपीव्ही6 या इंटरनेट प्रोटोकॉलच्या नव्या आवृत्तीत तर वाटेतल्या राउटरला तुकडे करायची परवानगीच नाही, सगळी भिस्त या निरोपांवर. ते आमच्याकडे आलं की मी रजेवर जाईन म्हणतो.

"मग हा नियमच काढून टाकू या ना," मी उत्साहानं म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. नियम काढायचा तर सिक्युरिटीवाल्यांची मंजुरी, त्यासाठी समितीची बैठक, त्यासाठी धोक्याचं मूल्यमापन. निदान तो एक निरोप सोडा आणि पिंगला वेगाची मर्यादा घालून चालू ठेवा, एवढी साधी गोष्टही त्यांनी मागेच सुचवून पाहिली होती म्हणे. समितीनं विचारलं होतं, "आयसीएमपी चालू नसल्यामुळे काही बिघडल्याचा पुरावा आहे का? असल्यास ट्रेसराउट जोडावा."

त्यामुळे त्यांनी मागच्या दारानं काम केलं. टनेलच्या तोंडाशी जोडणी होतानाच दोन्ही बाजूंना "1360 पेक्षा मोठा घास घेऊ नका" असं बजावणारी एक ओळ टाकली: 1400 मधून शीर्षकांचे 40 वजा. या बदलाला समिती लागत नाही. मी फाइल टाकली. तीन टक्के, अकरा, चाळीस, शंभर. मॅडम उठून हात धुवायला गेल्या. जेवण अर्धवटच राहिलं होतं.

संध्याकाळी मेल आला. माझं तिकीट यशस्वीरीत्या सोडवण्यात आलं होतं, कारणाच्या रकान्यात "वापरकर्त्याच्या यंत्रातील बिघाड", आणि सेवा कशी वाटली ते एका मिनिटात सांगण्यासाठी खाली लिंक. सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. लिंकवर टिचकी मारली. चाक फिरत राहिलं. मग पांढऱ्या पानावर लाल चौकट उमटली: ही साइट कोणत्याही मान्य वर्गात बसत नसल्यामुळे धोरणानुसार बंद करण्यात आली आहे, अडचण असल्यास तिकीट टाकावे.