विमान लांब गेलं म्हणून तिकीट निम्म्यावर येत नाही

कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'इंडिगोनं देशातला विमानप्रवास स्वस्त केला, आता युरोपही निम्म्या दरात. जागा दाटवायच्या, जेवण काढायचं, झालं. परदेशातल्या अशा कंपन्या कारभारामुळे बुडाल्या. उद्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून थेट दुबई!' या भरवशावर तिकीट काढायचं लांबवणाऱ्याला भुर्दंड पडेल, म्हणून हे उत्तर.

'देशात जमलं, तसंच युरोपला जमेल.' नाही जमणार. देशातली स्वस्ताई घड्याळातून येते. दीड तासाच्या मार्गावर विमान दिवसाला सहा उड्डाणं करतं. उतरल्यापासून निघेपर्यंतची वेळ दर खेपेला वीस मिनिटांनी कमी केली, तर दिवसाअखेर दोन तास सुटतात आणि आणखी एक उड्डाण बसतं. कंपनी विमानासाठी मोजते ते भाडं तेवढंच, विकायला १८० तिकिटं जास्त. मुंबई-ॲमस्टरडॅम एका बाजूनं नऊ-दहा तासांचं. चोवीस तासांत जेमतेम एक जाऊन-येऊन. तिथं चाळीस मिनिटं वाचवून विकण्यासारखं काहीच हाती लागत नाही. शिवाय या मार्गांवर जुन्या कंपन्यांची विमानंही दिवसाचा बहुतेक वेळ हवेतच असतात.

खर्च मात्र वाढतो. इंधन वाहून न्यायलाच इंधन जळतं. जादा वैमानिक लागतो, सगळ्या क्रूचा परदेशी हॉटेलात मुक्काम असतो. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, तिकिटांचे पैसे बहुतांश रुपयांत. त्यात एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद. त्या वळशामुळे दिल्ली-अल्माटी आणि दिल्ली-ताश्कंद ही ठिकाणं इंडिगोच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली आणि ती उड्डाणं थांबवावी लागली.

'जागा दाटवा, जेवण काढा.' खुद्द इंडिगोनं हे केलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची उड्डाणं सुरू झाली ती नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिक कंपनीकडून भाड्यानं घेतलेल्या बोईंग ७८७-९ विमानांनी. त्यांत ३३८ जागा, पैकी ५६ पुढच्या ऐसपैस खुर्च्या, आणि गरम जेवण तिकिटातच. लांबच्या मार्गाचं गणित पुढच्या महाग खुर्च्या आणि विमानाच्या पोटातून नेलेला व्यापारी माल यांच्यावर जुळतं. माणसं आणि त्यांच्या बॅगा कोंबल्या की मालासाठी वजन उरत नाही.

'कारभारामुळे बुडाल्या.' अर्धसत्य. ब्रिटनच्या लेकर एअरवेजची लंडन-न्यूयॉर्क स्वस्त सेवा १९७७ ते १९८२ टिकली. मलेशियाच्या एअरएशिया एक्सनं लंडन, पॅरिस २०१२ मध्ये सोडलं. नॉर्वेच्या नॉर्वेजियन कंपनीनं जानेवारी २०२१ मध्ये लांबचे मार्ग बंद केले. तिच्यावर कर्ज होतंच, बोईंग ७८७ च्या इंजिनांनीही दगा दिला आणि कोविडनं शेवट केला. तग धरला तो सिंगापूर एअरलाइन्सच्या आधारावरच्या स्कूटनं आणि जपान एअरलाइन्सच्या झिपएअरनं. मोठं घर पाठीशी लागतं. इंडिगोचं बळ तेच आहे: देशभरातल्या नव्वदहून जास्त शहरांतून प्रवासी मुंबई-दिल्लीला आणून पुढच्या विमानात बसवता येतात. २०२७ पासून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या ए३५०-९०० विमानांची मागणी ६० पर्यंत नेली आहे, ती याच हिशेबानं. आमच्या मते कंपनी टिकेल, पण स्वस्त राहून नव्हे.

राहिली दुबई. उजळाईवाडीची धावपट्टी दोन हजार मीटरांच्या आतली. भरलेलं, इंधनानं जड झालेलं ए३२० जेट विमान तिथून उचलायचं तर वजन कापावं लागेल. ७८ आसनी छोटं एटीआर विमान दुबईपर्यंत पोहोचत नाही. इमिग्रेशन आणि कस्टम्सची सोय हा पुढचा प्रश्न.

युरोपला जायचं असेल तर बॅगेसह पूर्ण रकमेची तुलना करा. कोल्हापूरहून एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) सगळ्या प्रवासाचं तिकीट मिळतंय का ते आधी बघा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढच्या तिकिटाची जबाबदारी कुणी घेत नाही. दोन्ही तिकिटांवरची सामानाची मर्यादाही वेगळी असते. देशांतर्गत तिकिटावर सहसा १५ किलो. तेवीस किलोची बॅग घेऊन गेलात तर जादा आठ किलोंचे पैसे उजळाईवाडीच्या काउंटरवरच भरावे लागतील. तिकिटं वेगळीच काढायची वेळ आली, तर मुंबईला आदल्या दिवशीच पोहोचा.