चिल्लर कोणाच्या गळ्यात मारावी?

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, चिल्लर ही खर्च करायची वस्तू नाहीये. दुकानात तळहातावर नाणी पसरून एक, दोन, पाच असं मोजत बसलात की मागच्या लाईनीतले लोक च्च च्च करतात, दुकानदार पंख्याकडे बघतो आणि ईएमआयवर गाडी घेऊन जी काही इज्जत कमावली असते ती तिथल्या तिथे जाते. चिल्लर ही दुसऱ्याच्या गळ्यात मारायची असते, आणि मारताना चेहऱ्यावर उपकाराचा भाव ठेवायचा असतो. एवढं जमलं की बाकी सगळं सोपंय.

सुरुवात सकाळी भाजीवाल्या मावशीपासून करा. तिने नुकतंच पोतं अंथरलंय, पालकाच्या जुड्यांवर पाणी मारतीये, बोहनी व्हायचीये. तुम्ही जायचं, पंधरा रुपयाची कोथिंबिरीची जुडी उचलायची, दोनदा हुंगून "कालची आहे का हो" विचारायचं आणि पाचशेची नोट पुढे करायची. मावशी म्हणणार, "दादा, अजून बोहनी पण नाय झाली, सुट्टे द्या की." इथे गडबडायचं नाही. खिशातली नाणी मुठीत घट्ट धरा म्हणजे वाजणार नाहीत, आणि शांतपणे म्हणा, "धंदा करायचा तर सुट्टे ठेवायला नकोत का?" हे वाक्य पाठ करा, आयुष्यभर पुरतं. मग ती लिंबूवाल्याकडे जाणार, लिंबूवाला चहाच्या टपरीवर, टपरीवाला पेपरवाल्याकडे, अशी चार माणसं तुमच्या एका नोटेमागे पळत असतात आणि तुम्ही मोबाईल बघत उभे. निघताना मूठभर मिरच्या फुकट मागून घ्या, तुमचा वेळ गेला ना.

आता घरातला साठा. प्रत्येक घरात चिल्लरचं एक मुख्यालय असतं, बहुतेक श्रीखंडाचा रिकामा डबा, आणि मग शाखा असतात, फ्रीजवरची वाटी, शिलाई मशीनचा ड्रॉवर, गाडीत गिअरजवळची खाच. कधी रविवारी डबा पेपरवर ओतून बघा. काय निघेल तर दोन सेफ्टी पिना, शर्टाचं बटण, कुठल्या कुलपाची ते कोणालाच माहिती नाही अशी चावी, मेव्हण्याने दुबईहून आणलेला एक दिरहम आणि चाराणे. भरपूर चाराणे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, त्याआधी बँकेत बदलून घ्यायला वेळ पण दिला होता, पण आपण म्हटलं राहू दे, पुढे किंमत येईल. पन्नास पैसे मात्र आजही चालतात बरं का. कायद्याने. दुकानात देऊन बघा, दुकानदार ते उलटसुलट करून तुमच्याकडे असा बघेल जसं काही तुम्ही मोहेंजोदडोहून थेट एसटीने आलाय.

डब्यात आहेराची नाणी लगेच ओळखू येतात. लग्नाच्या पाकिटावर चिकटवलेला तो रुपया असतो ना, तो. आतली पाचशेची नोट त्याच रात्री वहीत लिहून कपाटात जाते, पण रुपया नखाने खरवडून काढावा लागतो, पाठीला लाल कागदाचा तुकडा आणि वाळलेला गोंद तसाच राहतो, पावसाळ्यात तो परत ओला होतो आणि शेजारच्या दोन रुपयाला धरून बसतो. असा जोड-रुपया कोणीच घेत नाही. जाणत्या बायका मात्र तो सोडवून पुढच्या लग्नाच्या साध्या पाकिटावर लावतात, गोंद आधीच लागलेला असतो, फक्त जीभ लावायची. आणि गुरुजींनी यादीत सव्वा रुपया दक्षिणा लिहिली असेल तर चाराणे बंद झाल्यावर सव्वा रुपया नाण्यांत देणार कसा, असला हुशारीचा प्रश्न त्यांना विचारू नका. त्यांनाही माहितीये. त्यांना सव्वा रुपया नकोच आहे.

चिल्लर खपवायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे देव. तो "हे चालत नाही" म्हणत नाही, नाणं दाताखाली धरून बघत नाही. मागणं मांडताना थ्री बीएचके, मुलाचं ॲडमिशन, सासूबाईंचा गुडघा, जागेची केस असं सगळं सविस्तर मांडा आणि दानपेटीत दोन रुपये टाका, पण खण्ण आवाज आला पाहिजे. नोट टाकली तर आवाज येत नाही, शेजारच्याला कळत नाही, उगाच वाया जाते. आरतीच्या ताटाचं टेक्निक वेगळंय, तिथे पन्नासची नोट ठेवायची आणि ताट पुढे सरकायच्या आत चाळीस रुपये उचलून घ्यायचे, निरांजनाने मनगटावरचे केस जळतात पण सुट्टे मिळतात, आणि तेही देवाच्या हातचे. पुढे त्या नाण्यांचं काय होतं ते त्यांचं ते बघून घेतील. २०२३ साली शिर्डीत बँकांनी संस्थानाची नाणी ठेवायला आता जागाच उरली नाही म्हणून हात वर केल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे श्रद्धा आपली, सबुरी बँकेची.

देऊळ लांब असेल तर नदी आहेच. गाडी पुलावर आली की खिडकीतून नाणं फेका आणि हात जोडा, खाली पाणी आहे की नुसती वाळू आणि जलपर्णी हे बघत बसू नका. घाटावरची पोरं दोरीला चुंबक बांधून रुपया-दोनची नाणी ओढून काढतात, स्टेनलेस स्टीलची असतात ना ती, चिकटतात पटापट. त्यातला एखादा दिसला तर "शाळेत जात नाही का रे?" असं जोरात ओरडा. तेवढंच समाजकार्य होतं.

सिग्नलवर काच दोन बोटं खाली करून रुपया द्यायचा, ही जुनी पद्धत. पण आता सावध राहा, कारण हल्ली तिथे रुपया परत करतात. चक्क परत! एक गोष्ट इथेच नीट समजून घ्या, पुढे गोंधळ व्हायला नको. आपण चिल्लर नाकारली तर तो आपला स्वभाव, आपल्याला खिशात वजन आवडत नाही. आपल्यापेक्षा खालच्या माणसाने नाकारली तर तो माज.

दहा रुपयाच्या नाण्याला मात्र अनुभव लागतो, तिथे नवशिक्याने हात घालू नये. कोणीही दिलं की बोटाच्या टोकाने परत सरकवायचं आणि म्हणायचं, "आमच्याकडे चालत नाही." कोणी बंद केलं, कधी केलं, असलं काही समोरचा विचारत नाही, कारण त्यालाही ते असंच कोणीतरी सरकवलेलं असतं. अगदीच कोणी खोलात गेला तर रेघांचं शास्त्र सांगा, वरती दहा रेघा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर नकली, रुपयाचं चिन्ह नसेल तर मग विषयच संपला. रिझर्व्ह बँक बिचारी जानेवारी २०१८ मध्ये सांगून बसली की दहाच्या नाण्याची १४ डिझाईन आहेत आणि चौदाही चालतात, १४४४० नंबर पण काढला, मिस्ड कॉल द्या, उलट फोन येतो आणि आतून आवाज सांगतो की बाबांनो घ्या, नाणं खरं आहे. पण पानवाला नाही म्हणतोय तिथे रिझर्व्ह बँकेचं काय घेऊन बसलात. अर्थात तुमच्या स्वतःच्या खिशात दहाची पाच-सहा नाणी जमली असतील त्या दिवशी रिझर्व्ह बँकेची बाजू घ्या, मोबाईलवर पत्रक काढून दाखवा, देशद्रोहाचं कलम लागतं असं काहीतरी पण म्हणा, लागत नाही पण म्हणा. दोन्ही मतं एकाच दिवसात ठेवता येतात, सकाळी घेताना एक आणि संध्याकाळी देताना दुसरं. वीसच्या नाण्याचा हा त्रास नाही. बारा कडांचं ते नाणं २०२० मध्ये आलं, पण ज्याला मिळतं तो फोटो काढून स्टेटसला लावतो आणि श्रीखंडाच्या डब्यात टाकतो, त्यामुळे ते नकली आहे की नाही हा प्रश्न उद्भवायला ते बाजारात फिरलंच पाहिजे ना.

एसटीत कंडक्टर उरलेले पैसे तिकिटाच्या मागे पेनाने लिहून देतो, उतरताना घ्या म्हणतो. ही ठेव योजना समजा. तुम्ही झोपता, स्टँड येतो, उतरायची घाई होते, ठेव बुडते. सुट्ट्यांची भांडणं नकोत म्हणून २०१८ मध्ये एसटीने भाडं पाचच्या पटीत केलं होतं, पण भांडण करायचंच असं ठरवून घरून निघालेल्या माणसाला पट आडवी येत नाही. मुंबईत तर तुमची सगळी चिल्लर बेस्टने वर्षानुवर्षं निमूटपणे गोळा केली, इतकी की मधे कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भागच नाण्यांत दिल्याच्या बातम्या होत्या. त्या माणसाने ती पिशवी घेऊन घरी कसं जायचं, किराणावाल्याकडे काय बोलायचं, तो प्रश्न आपला नाही. आपण तिकीट काढलं होतं.

मेडिकलवाल्याने दोन रुपयाऐवजी दोन चॉकलेटं दिली तर घ्या, लहान मुलाला द्या आणि "काकांनी तुझ्यासाठी आणलंय" म्हणा. हीच चॉकलेटं साठवून त्याच दुकानात बिलात द्यायची, हा विनोद तुम्हाला आत्तापर्यंत सगळ्या ग्रुपवर आला असेल. प्रत्यक्षात कोणी करत नाही. चॉकलेटं विरघळतात.

तुम्ही म्हणाल आता फोनवरून पैसे जातात, चिल्लरचा विषयच कुठे राहिला. बरोबर आहे, सात रुपयाच्या कटिंगला पण आता स्कॅन होतं, स्पीकर ओरडतो, नेटवर्क नसेल तर आपण टपरीभोवती मोबाईल उंच धरून एक प्रदक्षिणा घालतो, पण खिशात हात घालत नाही. मुद्दा असा की आपण नाणी बाहेर काढायची बंद केली आणि तिकडे बाजारात नाणी मिळत नाहीत अशी ओरड सुरूच. मग रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये १२ शहरांत मशीन बसवायचं जाहीर केलं, क्यूआर कोड स्कॅन करा, खात्यातून पैसे जातील, खालून नाणी पडतील. म्हणजे तुमच्या फ्रीजवर दोन किलो नाणी पडलेली आहेत आणि तुम्ही स्टेशनवर स्कॅन करून अजून आणू शकता. आपली चिल्लर आपल्याला विकत मिळण्यापर्यंत प्रगती झाली आहे, लाभ घ्या.

गुंतवणूक म्हणून बघायचं असेल तर वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचचं किंवा दहाचं नाणं डब्यात शोधा. ते २०१२ चं आहे आणि त्याचे दहा लाख मिळतात असं सांगणारे व्हिडिओ तुमच्या काकांनी पाठवलेच असतील. गिऱ्हाईक तयार असतो, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे, मग जीएसटीचे, मग कसल्यातरी एनओसीचे पैसे भरायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागतात, फसू नका, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं, पण दहाच्या नाण्यावर जिचं ऐकलं नाही तिचं इथे तरी कशाला ऐकायचं. नाणी वितळवून धातू विकायचा विचार मात्र सोडा, २०११ च्या नाणे कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तुरुंगात चिल्लर चालते की नाही माहिती नाही.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे बँकेत भरणं, म्हणून तो शेवटी ठेवलाय. नियमाप्रमाणे स्वतःच्या खात्यात नाणी कितीही भरता येतात, मर्यादा नाही. जाताना पाण्याची बाटली घ्या. काऊंटरवर पिशवी ठेवल्याचा आवाज झाला की अख्खी ब्रँच मान वर करून बघते, कॅशिअर एकदम आत जाऊन जेवायला बसतो, मग कोणीतरी सांगतं शंभर-शंभरच्या पिशव्या करून आणा, मग सोमवारी या, मग सोमवारी सर्व्हर. तिथे वाद घालू नका. तो बिचारा तुमच्याशी तेच करतोय जे तुम्ही मावशीशी केलंत, फक्त त्याच्याकडे एसी आहे.

एवढं करूनही डबा भरलेलाच असेल तर एक खात्रीशीर उपाय आहे, दर इलेक्शनला कोणीतरी अपक्ष करतोच. विधानसभेचा अर्ज भरा, जनरल सीटला डिपॉझिट १०,००० रुपये, ते सगळं चिल्लरमध्ये घेऊन जा. अधिकारी कायद्यावर बोट ठेवून म्हणू शकतो की नाणी हजार रुपयापर्यंतच घ्यायची सक्ती आहे, म्हणून दोन-चार चॅनलवाले आधीच बोलावून ठेवा, कॅमेरा चालू असला की चार क्लार्क खाली सतरंजी टाकून मोजायला बसतात, गोंदवाल्या आहेराच्या रुपयासकट. लोकसभेला २५,००० लागतात, पण तेवढी चिल्लर एका घरात निघत नाही, सोसायटीत वर्गणी काढावी लागेल. आता फक्त एक पथ्य पाळा. झालेल्या वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तर डिपॉझिट परत मिळतं, आणि त्यांनी तीच पोती परत दिली तर सगळी मेहनत वाया. तेव्हा प्रचाराला घरोघर जा, पण प्रत्येकाला सांगा की मी निवडून आलो तर दहाचं नाणं सक्तीने घ्यायला लावीन.