ऑस्करच्या टँकमध्ये जिवंत गोल्ड फिश सोडू नका

रविवारी आम्ही एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. हॉलमध्ये चार फुटी टँक, आत टायगर ऑस्कर जातीचे दोन मासे. सगळे जमल्यावर त्यांच्या मुलाने पिशवी आणली आणि दहा-बारा छोटे गोल्ड फिश टँकमध्ये ओतले. लगेच मोबाईल निघाले. दोन मिनिटांत सगळं संपलं. मला घास जाईना. पाहुणी म्हणून गेले होते, तिथे गप्प बसले, पण आता राहवत नाही.

आमचा पहिला ऑस्कर, बंड्या, याच प्रकारात गेला. दुकानदार म्हणाले होते, "ताई, हा शिकारी मासा आहे. जिवंत खाणं दिलंत तरच रंग चढेल." आम्ही विश्वास ठेवला. दर शनिवारी पिशवी आणायचो. तिसऱ्या महिन्यात त्याच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले. दगडावर अंग घासायचा, कोपऱ्यात आडवा पडून राहायचा. औषध आणेपर्यंत उशीर झाला होता.

फीडर म्हणून, म्हणजे दुसऱ्या माशांना खाऊ घालायला, विकतात ते मासे एका टबात शेकड्यांनी कोंबलेले असतात. त्यांचा रोग थेट आपल्या टँकमध्ये येतो. शिवाय गोल्ड फिश कार्प कुळातला, त्याच्या अंगात थायमिनेज असतं. ते जीवनसत्त्व बी-१ मोडून टाकतं. म्हणजे रोज तेच खाणारा ऑस्कर पोट भरूनही कुपोषित राहतो.

आणि "शिकारी" म्हणजे फक्त मासेखाऊ, हे कुणी ठरवलं? ॲमेझॉनच्या संथ पाण्यात ऑस्कर किडे, झिंगे, गोगलगायी असं बरंच काही खातो. मासा हा त्यातला एक भाग. जिवंत मासे दिले नाहीत म्हणून त्याचं काही अडत नाही.

चिकनचे तुकडे, काळीज घालणारेही खूप आहेत. रोज तेच देऊ नका. कोंबडी-बकऱ्याची चरबी माशाला नीट पचत नाही, यकृतावर साचते. वरून मासा गुबगुबीत दिसतो आणि आपल्याला वाटतं तब्येत सुधारली.

आताचा आमचा सोन्या साडेपाच वर्षांचा आहे, फूटभर लांब. त्याचं मुख्य खाणं म्हणजे मोठ्या सिक्लिडसाठी (ऑस्करच्या कुळातल्या माशांसाठी) मिळतात ते चांगले पेलेट, म्हणजे तयार खाद्याचे दाणे. छोटा डबाच घ्या, कारण उघडून महिनोन्‌महिने ठेवला की त्यातलं क जीवनसत्त्व उतरतं. आठवड्यातून एक-दोनदा कोळंबी. बाजारातल्या मावशींना सांगून ठेवलंय, मीठ-मसाला न लागलेली, ताजी हवी. मी ती हलकी उकडून सालासकट तुकडे करून देते. पावसाळ्यात कुंड्यांतली गांडुळं, पण ज्या मातीत खत-औषध कधी पडलं नाही तिथलीच, धुऊन, रात्रभर ओल्या कपड्यात ठेवून. गांडूळ दिसलं की सोन्याचे डोळे माझ्या बोटामागे फिरतात, शेपटी थरथरते. शिकारीचा आनंदच हवा असेल तर तो इथे बघा.

एक गोष्ट मात्र शिकायला मला वेळ लागला. ऑस्कर कायम भुकेलाच दिसतो. काचेशी येऊन तोंड उघडझाप करतो आणि आपला जीव कळवळतो. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं लागतं, पण मोठ्याला एकदा पुरे, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. तो चावताना भुगा कल्ल्यांतून बाहेर येतो, उरलेलं तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो. डोक्याला खड्डे पडलेले ऑस्कर पाहिलेत ना? खराब पाणी आणि निकस खाणं ही त्यामागची नेहमीची कारणं.

म्हणून आमच्याकडे सोमवारी सोन्याला काही नाही. आधी सासूबाई हळहळायच्या, "मुक्या जिवाला कशाला उपाशी ठेवता गं?" आता त्याच सगळ्यांना बजावतात, आज आमचा दोघांचा उपास आहे, कुणी डब्याला हात लावू नका.

नीट सांभाळला तर हा मासा दहा-बारा वर्षं घरात राहतो, माणसं ओळखतो. परवा मी त्या मुलाकडे पेलेटचा डबा आणि थोडी गांडुळं घेऊन जाणार आहे. मुलगा हौशी आहे. हातातून कसं भरवायचं ते त्याला दाखवायचंय.