बागेचा कागद तपासा, बिल्डिंगचा चेहरा नको

बाणेर-बावधनकडे राहणारे माझे मित्रमैत्रिणी हल्ली फोनवर एक गोष्ट हमखास बोलतात. तुमच्याकडे अमेरिकेत कसं, बिल्डिंग उभी राहायच्या आधी शेजारपाजारच्यांना बोलावतात, नकाशे दाखवतात, झाडं कुठली लावणार ते सांगतात, आणि आमच्याकडे प्लॉटला पत्रे लागले की मग कळतं इथे काहीतरी येतंय. म्हणून पुण्यातही प्रत्येक उपनगराला अशी डिझाइन रिव्ह्यू कमिटी, म्हणजे बिल्डिंग कशी दिसेल त्यावर आधी मत देणारी समिती, पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग अगदी खरा आहे, मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, माणसाने जाऊन सांगायचं तरी कुणाला. पण मी कॅलिफोर्नियातल्या एका उपनगरात राहते, इथल्या अशा मीटिंगांना जाऊन बसते, आणि जे दिसतं त्यावरून मला ठामपणे वाटतं की यातलं अर्धं जरूर उचलावं आणि उरलेल्या अर्ध्याला हातही लावू नये.

आधी चांगलं सांगते. नियमित मीटिंगचा अजेंडा किमान 72 तास आधी जाहीर करावाच लागतो, सभा लोकांसाठी खुल्या ठेवायचा ब्राउन अ‍ॅक्ट नावाचा 1953 चा कायदा आहे तसा. नकाशे, लँडस्केप प्लॅन, अधिकाऱ्यांचा रिपोर्ट, सगळं कुणालाही बघता येतं, आणि कुणीही उठून दोन-तीन मिनिटं बोलू शकतं, ओळखपाळख लागत नाही. हे आपल्याकडे उद्या आलं तर मला मनापासून आनंद होईल.

पण बोलतं कोण आणि कशावर, ते बघा. जुन्या शॉपिंग प्लाझाच्या जागी चार मजली अपार्टमेंट येणार म्हटलं की हॉल भरतो, आणि मग भिंतीचा रंग, छपराचा उतार, बाल्कनीतून आमचं मागचं अंगण दिसेल, पार्किंग पुरणार नाही, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, हे आमच्या गावाच्या कॅरॅक्टरला शोभत नाही. बोलणारे बहुतेक सगळे स्वतःच्या घराचे मालक, त्यातले कितीतरी फार जुने, ज्यांच्या घराची टॅक्ससाठी धरलेली किंमत 1978 च्या प्रॉपोझिशन 13 मुळे वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, म्हणजे आजूबाजूला घरं कितीही महाग झाली तरी त्यांना त्याची झळ लागत नाही. आणि ज्यांना त्या अपार्टमेंटमध्ये राहायला यायचंय ते हॉलमध्ये नसतातच. ते लांबच्या ट्रेसी-स्टॉकटनला राहतात, पहाटे उठून आल्टामाँटचा घाट ओलांडून इथे नर्स, शिक्षक, इलेक्ट्रिशियन म्हणून कामाला येतात, संध्याकाळी सातच्या मीटिंगला ते कुठून थांबणार. हे फक्त माझ्या गावापुरतं आहे असंही नाही, बॉस्टन युनिव्हर्सिटीतल्या तीन संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या शंभरेक गावांच्या अशा सभांची इतिवृत्तं तपासली तेव्हा हेच निघालं, बोलणारे वयाने मोठे, घरमालक, पुरुष जास्त, आणि नवीन घरांच्या बाजूने बोलणारे जेमतेम 15 टक्के.

कॅलिफोर्निया स्वतःच आता यातून बाहेर पडायला बघतंय. 2019 च्या एसबी 330 कायद्यामुळे, जो घरबांधणी प्रकल्प लिहिलेल्या नियमांत बसतो त्याच्या पाचपेक्षा जास्त सुनावण्या घेता येत नाहीत, आणि घरं नाकारायची किंवा कमी करायची तर मुळात मोजता येईल असा, आधीपासून लिहिलेला निकष मोडलेला दाखवावा लागतो. उंची इतके फूट, रस्त्यापासून अंतर इतकं, हे चालतं. 'शोभत नाही' हे चालत नाही. म्हणजे ज्या गोष्टीचे इथे दशकानुदशकं चटके बसले तीच गोष्ट आपण पुण्यात हौसेने आणणार, आणि तिथे ती इथल्यापेक्षा वाईट चालेल अशी मला भीती वाटते. दिसण्यावर मत देणारी कमिटी बसली की पहिला घाव लहान फ्लॅटांवर पडणार, वन आरके-वन बीएचकेची बिल्डिंग शेजारी नको, एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, तर अजिबात नको, आणि ते कुणी उघड बोलणार नाही, एलिव्हेशन, म्हणजे बिल्डिंगचा दर्शनी भाग, आवडलं नाही म्हणून सांगतील. शिवाय जिथे निर्णय कुणाच्या तरी मर्जीवर, तिथे ज्याची पोच वरपर्यंत आहे त्या बिल्डरचं काम होतं आणि लहान बिल्डर चकरा मारत बसतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता जे उचलावं असं मला वाटतं ते म्हणजे इथला लँडस्केपचा कागद. याच्यावर हॉलमध्ये कुणी फारसं बोलत नाही पण काम हाच करतो. राज्याचा पाणी वाचवणाऱ्या लँडस्केपचा नियम आहे, 2015 च्या दुष्काळात तो कडक झाला, आता 500 चौरस फुटांच्या वर नवीन बाग असेल आणि त्यासाठी परमिट किंवा डिझाइन रिव्ह्यू लागत असेल तर तो लागू होतो. बागेला वर्षाला किती पाणी चालेल त्याची मर्यादा हिशोब करून ठरते, कमी पाण्याची आणि जास्त पाण्याची झाडं वेगवेगळ्या पट्ट्यांत लावायची, मातीत सहा इंचांपर्यंत कंपोस्ट मिसळायचं, उघड्या मातीवर तीन इंच मल्च, म्हणजे पालापाचोळा किंवा लाकडाच्या चिपांचा थर, घालायचा, आणि हिरवळ, घराची छोटी बाग सरळ नियमांच्या ठरलेल्या यादीनुसार करायची तर एकूण लँडस्केपच्या 25 टक्क्यांपर्यंतच. आणि शेवटी, मंजूर प्लॅनप्रमाणे लागवड झाली असं सर्टिफिकेट सहीनिशी द्यावं लागतं. यात चव, आवड, शोभा काही नाही, फूट आणि इंच आहेत.

पुण्यात काय होतं? नियम नाहीत असं नाही. 2020 च्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, 4000 चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटला 10 टक्के मोकळी जागा सोडायची आहे. 20,000 चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, त्यात दर 80 चौरस मीटर जमिनीला एक झाड अशी अट असते. 1975 चा झाडांचा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज झालं आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. कागदावर हे कॅलिफोर्नियापेक्षा कमी नाही. पण झाड कुठे लावणार? बेसमेंट प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाजूची मार्जिन फायर इंजिन फिरायला पक्की केलेली, मग उरतो पोडियम, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरची गच्ची, त्याचा स्लॅब, स्लॅबवर थोडीशी माती, त्यात पाम आणि लॉन, आणि त्या लॉनला मे महिन्यात टँकर. वड, करंज, ताम्हण यांना खाली खोल जमीन लागते हो, स्लॅबवर ती कुठून येणार! मुंबईच्या एका प्रकरणात 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंच होतं की किमान सोडायची मोकळी जागा जमिनीवरच पाहिजे, पोडियमवरची त्यात धरायची नाही. तरी ब्रोशरमध्ये बघा, हिरवं सगळं पोडियमवर.

म्हणून मला कमिटीपेक्षा चार साध्या गोष्टी मागाव्याशा वाटतात. प्लॉटचा ठरावीक भाग खाली बेसमेंट नसलेला, खरी जमीन म्हणून राहावा आणि तो मंजूर नकाशात वेगळ्या रंगात दिसावा. झाडांची यादी जातीसकट, मातीच्या खोलीसकट मंजुरीला जोडलेली असावी. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, द्यायच्या आधी कुणीतरी जाऊन ती मोजावी आणि सही करावी, आणि दोन पावसाळ्यांनी परत एकदा मोजावी, कारण ओसीच्या दिवशी उभं असलेलं रोप पुढच्या उन्हाळ्यात असतंच असं नाही. आणि हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी पत्र्यांवर बाहेरून वाचता येईल असं लावावं, शेजाऱ्यांनी हरकत घ्यावी ती लिहिलेला नियम मोडला असेल तर, रंग आवडला नाही म्हणून नाही.

यासाठी कायदा बदलायला वेळ लागेल, मान्य. तोवर एक करता येईल. पर्यावरण मंजुरीत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, तुम्हाला कुणी बोलावणारच नाहीये, पण मंजुरीचं पत्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतं आणि अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. आपल्या सोसायटीचं ते पत्र शोधा, त्यात झाडांचा आकडा लिहिलेला असतो, रविवारी सकाळी दोघातिघांनी खाली उतरून झाडं मोजा, पोडियमवरची वेगळी आणि जमिनीतली वेगळी, आणि फरक निघाला की तो लेखी कळवा, महापालिकेला पण आणि राज्याच्या पर्यावरण विभागाला पण.