उकळलं की पाणी निर्धोक? खुलासा

‘कारखान्यांचं सांडपाणी नदीत मिसळलं तरी काळजी नको, तुरटी फिरवा आणि पाणी दहा मिनिटं उकळा’ असा संदेश सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा घातक.

उकळल्याने जंतू मरतात. धातू मरत नाहीत. कातडी कमावण्याच्या कारखान्यांतून येणारं क्रोमियम, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्यांचं शिसं हे सगळं पातेल्यातच राहतं. उलट एक लिटर पाणी आटून अर्धा लिटर झालं, तर विरघळलेल्या क्रोमियमचं प्रमाण दुप्पट होतं! काही सॉल्व्हंट (कारखान्यांत वापरली जाणारी, पटकन उडून जाणारी द्रावक रसायनं) उडून जातात खरे, पण ते जातात कुठे? स्वयंपाकघरातल्या हवेत.

तुरटीने गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं. पण षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं जास्त विषारी रूप, तुरटीला फारशी दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. तिच्या दुपटी-तिपटीलाही पाण्याला रंग येत नाही, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

बांगलादेशात ढाक्यातल्या हजारीबाग भागातल्या टॅनऱ्यांचं (कातडी कमावण्याच्या कारखान्यांचं) सांडपाणी बुरीगंगा नदीत जायचं; २०१७ मध्ये त्या शहराबाहेर सावारला हलवाव्या लागल्या. बुरीगंगा नदीचा प्रश्न घरोघरी पाणी उकळून सुटणारा नव्हताच.

शंका असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि तपासणीत धातूंचा उल्लेख मुद्दाम करा. नेहमीच्या जंतूतपासणीत ते येत नाहीत.