पंखा बंद, थंडी चालू

मे महिन्यातल्या पुण्यात भर दुपारी पंखा बंद करून बसायची दोनच कारणं असू शकतात. एक, वीज गेलेली असते. दोन, अमेरिकेहून भाचा आलेला असतो. वीज गेली तर कधी येणार म्हणून फोन करून विचारता तरी येतं. भाचा कधी जाणार हे विचारता येत नाही, कारण त्याची आई माझी सख्खी बहीण आहे आणि ती दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉलवर असते.

"मामा, पंखा बंद कर. माणसं पडतायत."

माणसं पुठ्ठ्याची होती. बोटभर उंचीची, प्लॅस्टिकच्या खाचेत उभी केलेली. ज्या सुटकेसमधून दरवर्षी चॉकलेटं निघतात तिच्यातून यंदा हा खोका निघाला होता. 'डेड ऑफ विंटर' नावाचा खेळ. 2014 साली आला, जॉनथन गिलमोर आणि आयझॅक वेगा या दोघांनी रचला, ही माहिती भाच्याने आमच्याकडे गणपतीची मूर्ती कोणत्या कारखान्यातली हे सांगतात त्या अभिमानाने दिली. खेळाची गोष्ट अशी की जगबुडी झालेली आहे. बहुतेक माणसं मेली. नुसती मेली असती तरी चाललं असतं, पण ती पुन्हा उठून चालायला लागली. त्यांना झोंबी म्हणतात.

"शब्द आपलाच आहे," नाना म्हणाले. "झोंबी म्हणजे झटापट."

उरलेली मूठभर जिवंत माणसं एका वसाहतीत दार लावून बसलेली, आणि वर हिवाळ्याचा कडाका. इतका कडाका, की घराबाहेर पाऊल टाकलं तर हिमदंश होतो. हे ऐकताना माझ्या कानामागून निघालेला घाम पाठीच्या मध्यावर पोचला होता. बाहेर 39 अंश होते. आईने पदराने वारा घेतला तर भाच्याने इस्पितळासमोरचे दोन झोंबी हाताने धरून ठेवले.

"या खेळात आपण एकमेकांविरुद्ध नाही," तो सांगत होता. "सगळे मिळून जिंकायचं, नाहीतर सगळे मिळून हरायचं. कोऑपरेटिव्ह आहे."

नानांनी पेपर खाली ठेवला. नाना, म्हणजे माझे वडील, एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण बँक त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. "सहकारी म्हण की!" ते खुर्ची ओढून बसले. "आपल्याला हे नवीन नाही. प्रवरानगरला विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी साखर कारखाना उभा केला तेव्हापासून..."

"हो आजोबा, पण यात प्रत्येकाचा एक गुप्त स्वार्थही असतो. तो साधला नाही तर वसाहत वाचूनसुद्धा आपण हरलो."

"तेच सांगतोय मी," नाना म्हणाले.

नियम समजावण्यात तासभर गेला. गेल्या वर्षी त्याने 'पँडेमिक' आणला होता, तोही सहकारीच, 2008 सालचा. त्यात सगळे मिळून जगभरचे रोग आटोक्यात आणतात. खरं तर त्यात भाचाच आणत होता. आम्ही त्याने सांगितलेल्या घरात सोंगट्या सरकवत होतो. शेवटी आई म्हणाली होती, "अरे, मला नुसती हात हलवायला बसवलीय का? मग पोळ्या तरी लाटते." खेळणाऱ्या मंडळींत ही तक्रार जुनी आहे म्हणे: एक शहाणा सगळ्यांचा खेळ खेळतो. नव्या खेळात त्यावर जालीम उपाय केलेला होता. इथे कोणी काही सुचवलं, की ते वसाहतीच्या भल्याचं आहे की त्याच्या स्वतःच्या, हे कळायला मार्ग नाही. म्हणून कोणी कोणाचं ऐकतच नाही. त्यातून एखादा गद्दारही असू शकतो, ज्याचं काम वसाहत बुडवणं हेच. गद्दार म्हटल्याबरोबर आईने टीव्हीकडे बघितलं. तो बंद होता.

प्रत्येकाला चार पात्रं येतात, त्यातली दोन ठेवायची. आईने एक कुत्रा ठेवला. स्पार्की नावाचा, कसरती करणारा. तो इतर माणसांसारखाच वसाहतीचा सभासद आहे, शोधाशोध करतो, आणि नियमाप्रमाणे त्याच्या हातात, म्हणजे पंजात, बंदूकही देता येते. आईने त्याचं नाव मोत्या ठेवलं आणि जाहीर केलं की असल्या थंडीत मुक्या जनावराला ती बाहेर सोडणार नाही. माझ्या वाट्याला मॉलमधला सांताक्लॉज आला. लाल कपडे, चेहऱ्यावर उतारवय आणि उधारी. मला तो पाहताक्षणीच जवळचा वाटला.

वसाहतीत काही असहाय माणसंही असतात. "ते काहीच करत नाहीत," भाच्याने सांगितलं, "फक्त खातात." नानांनी माझ्याकडे बघितलं.

खाण्याचा नियम आईला अजिबात पटला नाही. दर फेरीला दोन माणसांमागे अन्नाची एक चकती. "दोघांत एक? आणि दारात आलेल्याला?" दारात आलेल्याचंही येतंच. एकाची पाळी चालू असताना शेजारचा एक पत्ता गुपचूप वाचत असतो आणि आपण काहीतरी विवक्षित केलं, की "थांबा!" म्हणून ओरडतो. मग त्या पत्त्यावरचा प्रसंग वाचायचा, आणि काही वेळा सगळ्यांनी अंगठा वर किंवा खाली करून कौल द्यायचा. नानांनी अंगठा नामंजूर केला. ठराव, सूचक, अनुमोदक. बायकोच्या हाती वहीपेन देऊन इतिवृत्तही सुरू झालं. "गणपूर्ती आहे ना?" असं ते दर ठरावाआधी विचारत. आम्ही पाचच जण होतो आणि पाचही जण त्याच टेबलाला घामाने चिकटलेले होतो.

बायकोचं लक्ष मात्र कचऱ्यावर गेलं. या खेळात वापरलेले पत्ते कचऱ्यात जातात, आणि दर दहा पत्त्यांमागे वसाहतीचं मनोबल एकाने उतरतं. हा नियम ज्याने केला तो नक्की एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी असणार. एक फासा, म्हणजे पाळीतली एक कृती, खर्च केला तर तीन पत्ते साफ होतात. पण जग बुडत असताना कचऱ्यावर फासा कोण घालवणार? नाना बंदूक शोधत होते, भाचा तटबंदी करत होता, मी औषधं साठवत होतो. "मीच टाकते," बायको म्हणाली, ज्या सुरात ती रोज सकाळी घंटागाडी आली की म्हणते, आणि फासा असा आपटला की पोलीस ठाण्यापुढचे सगळे झोंबी आडवे झाले.

औषधं मी का साठवत होतो, हे सांगायला हवं. तोच माझा गुप्त स्वार्थ होता. खेळ संपेल तेव्हा माझ्या हातात औषधं उरली पाहिजेत. मी गद्दार नव्हतो. हे मी तेव्हाही आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. आई समोरच बसली होती आणि तिने विश्वास ठेवला नाही.

खरी विघ्नं त्या बारा बाजूंच्या फाशाने आणली. वसाहतीबाहेर पाऊल टाकलं की तो टाकायचा. सहा बाजू कोऱ्या, तीनवर जखम, दोनवर हिमदंश आणि एकीवर दात. बारात एक म्हणजे काहीच नाही, असं भाचा म्हणाला. बायकोने तिचा माणूस किराणा दुकानात धाडला आणि फासा टाकला. दात. बारा वाजले ते असे.

दात म्हणजे चावा. चावलेला जागीच मरतो आणि संसर्ग त्याच ठिकाणी ज्याचं वजन, म्हणजे वट, सगळ्यात कमी त्याच्याकडे जातो. दुकानात नानांचा एक माणूस होता आणि माझा सांता. कमी वजन कोणाचं, हे बघायला पत्ते उलटायचीही गरज नव्हती. आता मला दोन रस्ते होते. सांताला मी स्वतःच मारायचं, म्हणजे साथ तिथेच थांबते. किंवा फासा टाकायचा: कोरी बाजू पडली तर सांता वाचला, नाहीतर तो जातो आणि साथ पुढच्याकडे.

"मार त्याला," नाना म्हणाले.

"निम्मी संधी आहे, नाना."

"सभासदांच्या ठेवींवर जुगार खेळू नये."

मी फासा टाकला. हिमदंश. सांता गेला, साथ नानांच्या माणसाकडे गेली, नानांनी थरथरत्या हाताने फासा टाकला आणि तोही गेला. तीन प्रेतं, तीन पायऱ्या मनोबल खाली. "मी सांगत होते, बाहेर जाऊ नका," आई म्हणाली आणि मोत्याला घराच्या आणखी आतल्या कोपऱ्यात सरकवलं.

पुढच्याच फेरीत औषधांचं संकट आलं. संकटाला प्रत्येकाने पालथा पत्ता टाकायचा असतो. योग्य पत्त्याला एक मिळवायचा, चुकीच्याला एक वजा. आम्हा पाच जणांत बेरीज पाच व्हायला हवी. सगळे पत्ते पिसून उलगडले तर तीन औषधं, एक पुस्तक आणि एक पेट्रोलचा डबा. बेरीज एक.

पेट्रोल माझं होतं. मी औषधच देणार होतो, देवाशप्पथ. पण चष्मा फ्रीजवर राहिला होता आणि त्या पत्त्यांच्या कोपऱ्यातली चिन्हं एवढुशी असतात. जाड अक्षरांचा वेगळा संच काढला तर तो उतरत्या चष्म्याच्या वयाला निदान प्रामाणिक राहू देईल. पण हे ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

"सांताच्या वेळीही यानेच हट्ट केला," नाना उभे राहिले. "ठराव मांडतो. यास वसाहतीतून हद्दपार करण्यात यावे. सूचक मी. अनुमोदक?"

आईने हात वर केला. नऊ महिने पोटात वागवलेल्या बाईने.

एकदा हद्दपार झालोच आहोत तर गॅलरीत जाऊन वारा खाऊ, असा विचार करून मी उठलो. "बस मामा, हद्दपार माणूसही खेळत राहतो," भाचा म्हणाला. मताचा अधिकार गेला, पण पंखा काही मिळाला नाही.

मला घालवल्यावर वसाहत सुखी व्हायला हवी होती. पण पुढच्या संकटातही एक भलताच पत्ता निघाला. आता नानांनी भाच्याकडे मोर्चा वळवला. "जो नियम सांगतो तोच नियम वाकवतो. हा तीस वर्षांचा अनुभव आहे."

"आजोबा, ऐका! एक निर्दोष मामा आधीच बाहेर आहे. मीही निर्दोष आहे. दोन निर्दोष हद्दपार झाले तर मनोबल त्या क्षणी शून्य. आपण हरतो! नियम आहे, हे पान बघा!"

"बघा, धमकी," नाना म्हणाले. बायकोने इतिवृत्तात 'धमकी' लिहिलं. तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर.

मनोबल शून्य. खेळ खलास. सगळ्यांनी आपापला गुप्त पत्ता उलटला. माझा निर्दोष, भाच्याचा निर्दोष, बायकोचा निर्दोष. नानांचा निर्दोष. आईचाही. गद्दार नव्हताच.

"पण नाही कसा?" नाना ताडकन म्हणाले. पाच खेळाडूंना दहा इमानी पत्ते, त्यात गद्दाराचा एक मिसळायचा, आणि अकरातले पाच वाटायचे. म्हणजे तो कोणाकडे तरी असण्याची शक्यता अकरात पाच आणि नसण्याची अकरात सहा. भाच्याने हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हा आम्ही झोंबी धरून बसलो होतो.

"मग ते पुस्तक कोणी टाकलं?"

"मी," आई म्हणाली. "दोन्ही वेळा मीच. हातात नको असलेला पत्ता मेंढीकोटात असाच जिरवतात. आणि तुम्ही काहीही म्हणा, माझा मोत्या शेवटपर्यंत घरात होता. मी जिंकले."

बायकोचं मत एका वाक्याचं होतं: "साडेतीन तास बसलो आणि कचरा मीच टाकला." भाचा म्हणाला, या खेळावर एक मोठा वाद आहे. आपला स्वार्थ साधणार नाही असं दिसल्यावर माणसाने इतरांना तरी का जिंकू द्यावं? मग याला सहकारी म्हणायचं कसं? काहींच्या मते ही रचनेतली खोट आहे. "खोट?" नाना म्हणाले. "त्याच एका गोष्टीत खेळ रचणारा काहीतरी शिकून आलेला दिसतोय." मला विचाराल तर मला तो हद्दपारीचा नियम फार आवडला. आपल्याला घालवलं ही चूक होती, असं नियमाने सिद्ध झाल्याचा माझ्या घरातला हा पहिलाच प्रसंग. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही. इतिवृत्तात तशी नोंदही नाही.

आता एक गोष्ट राहिली. आमच्या आतल्या खोलीत पलंगाखाली आंब्याची आढी लावलेली असते. बायको रोज सकाळ-संध्याकाळ आंबे मोजते, आणि त्या आठवड्यात चार कमी भरत होते. तिचा संशय माझ्यावर होता आणि मी तो संतापून फेटाळला होता. खेळापुरता मी निर्दोष होतो, हे वर सांगितलंच. आंब्यांच्या बाबतीत दोन माझे होते. पण दोनच. उरलेले दोन कुठे गेले, हे मला चोर असूनही विचारता येत नव्हतं.

त्या रात्री एक वाजता, घर झोपल्यावर, मी मोबाईलच्या उजेडात आतल्या खोलीत गेलो. पलंगाखालून दोन पाय बाहेर आले होते. पेंढा सळसळत होता. साखर दोनशेच्या वर म्हणून डॉक्टरांनी आंब्याला हात लावायचा नाही असं बजावलेले ते पाय होते.

सळसळ थांबली. "कोण आहे?"

"मी, नाना."

बराच वेळ पलंगाखाली विचार चालला. मग अंधारातून एक पिकला हापूस घरंगळत माझ्या पायाशी आला.

"बस खाली," नाना कुजबुजले. "गणपूर्ती झाली."