तळाचे चार खाली पाठवायचे, पण खाली आहे काय?

सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत फुटबॉलच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण पुढे ढकलणारा प्रत्येक जण वर 'शंभर टक्के सहमत' लिहायला विसरत नाही. मागणी अशी: कोकणातल्या प्रत्येक जिल्ह्याने सोळा संघांची लीग करावी, पहिल्याच हंगामापासून प्रमोशन-रेलिगेशन (गुणतक्ता बघून संघांना वरच्या किंवा खालच्या श्रेणीत पाठवणं) लावावं आणि तळाच्या चार संघांना दर वर्षी खाली पाठवावं. हे केलं की पाच वर्षांत आपण गोव्याला टक्कर देऊ, असं आश्वासनही आहे. सोबत सहा कारणं दिली आहेत. मेसेजमागची कळकळ खरी आहे. कारणं मात्र एकेक करून तपासली की गडबड दिसते.

'हा फिफाचा नियमच आहे.'

फिफाच्या नियमावलीत नववं कलम आहे खरं. क्लबने लीगमध्ये खेळायचं ते मुख्यतः मैदानावरच्या कामगिरीच्या जोरावर, असं ते म्हणतं. पण त्याच कलमात पुढे मैदान-सुविधा, कारभार, कायदेशीर बाबी आणि आर्थिक कुवत हे निकषही लावता येतात, असं लिहिलंय. मेसेजवाल्याने तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही. याच कलमाचा आधार घेऊन अमेरिकेतले दोन क्लब आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेले होते. 2020 मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला आणि अमेरिकेची वरची लीग आजही रेलिगेशनशिवाय चालते. तेव्हा फिफाची भीती घालण्यात अर्थ नाही.

'जगात सगळीकडे पहिल्यापासून हेच आहे, म्हणून युरोप पुढे गेला.'

पहिल्यापासून? इंग्लंडची फुटबॉल लीग 1888 साली 12 क्लबांनी सुरू केली. दुसरी श्रेणी आली 1892 मध्ये, आणि तीही हवेतून आली नाही. 1889 पासून वेगळी चालणारी फुटबॉल अलायन्स नावाची लीग होती, तिचेच बहुतेक क्लब उचलून दुसरी श्रेणी केली. म्हणजे 'खाली' म्हणायला आधी खाली काहीतरी उभं होतं, आपापलं वेळापत्रक पुरं करणारं. त्यानंतरही वरचे तळाचे आणि खालचे अव्वल यांच्यात काही वर्षं पात्रता सामने व्हायचे. गुणतक्ता बघून आपोआप खाली-वर करणं 1898 नंतरचं.

जपानचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. जे-लीग 1993 मध्ये 10 क्लबांनी सुरू झाली. वाढत वाढत 1998 मध्ये 18 झाली आणि दुसरी श्रेणी जोडून खाली-वर सुरू झालं ते 1999 च्या सुमारास. आधीची पाच-सहा वर्षं त्यांनी क्लब उभे करण्यात घालवली. आणि पैसेवाल्यांचं बघायचं तर मेक्सिकोने 2020 मध्ये रेलिगेशन थांबवलं, कारण खालच्या क्लबांना आर्थिक दम निघत नव्हता. अर्जेंटिनाने 2024 मध्ये हंगाम चालू असतानाच त्या वर्षीचं रेलिगेशन रद्द केलं. जगज्जेत्यांच्या देशातला हा कारभार, त्याचा आदर्श घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण 'सगळीकडे, पहिल्यापासून' हे तरी खोडायला हवं.

'संघ वाढवले की खेळाडू आपोआप वाढतात.'

इथे जरा बसून हिशेब मांडू, कारण मेसेजमध्ये तो कुठेच नाही.

आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले तर 28 सामने होतात. सोळा संघ एकदाच खेळले तर 120. संघ दुप्पट, सामने चौपटीहून जास्त. प्रत्येक सामन्याला एक पंच आणि दोन लाइन्समन धरले तरी 360 वेळा कोणाला तरी शिट्टी किंवा झेंडा घेऊन उभं करायचंय. जिल्ह्यात परीक्षा पास झालेले पंच किती, आणि त्यातले शनिवारी-रविवारी मोकळे किती, याची यादी मेसेज पुढे ढकलण्याआधी कोणी केली आहे का?

मग मैदान. एका मैदानावर शनिवारी दोन आणि रविवारी दोन सामने बसवले तर 120 सामन्यांना 30 आठवडे लागतात. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली, ऑक्टोबरात अर्धे खेळाडू भातकापणीला. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत धरलं तर जेमतेम 28 शनिवार-रविवार मिळतात. त्यातून दहावी-बारावीच्या परीक्षा काढा. शिमगा काढा, रत्नागिरीकडे पालखी घरोघर फिरत असताना कोणाला सामन्याला बोलावणार? गावोगावच्या जत्रा काढा. आणि मग टेनिस बॉल क्रिकेट. जानेवारीपासून चाकरमानी मुंबईला परत निघेपर्यंत बऱ्याचशा मैदानांवर ओव्हरआर्मच्या स्पर्धा लागलेल्या असतात. मंडप, लाउडस्पीकर, लाखाची बक्षिसं. मैदानाची समिती फुटबॉलला तारीख देते ती क्रिकेटच्या दोन स्पर्धांमधल्या फटीत.

तारीख मिळाली तरी मैदान फुटबॉलचं नसतं. मधोमध रोलर फिरवून, पाणी मारून दगडासारखी केलेली खेळपट्टी. मिडफिल्डरने जमिनीवरून दिलेला पास त्या पट्ट्यावर आला की वेग घेतो आणि पलीकडच्या भुसभुशीत लाल मातीत गेला की मरतो. तिथे वाढलेला पोरगा जमिनीवरून पास द्यायचंच सोडतो, उचलून मारतो. सकाळी मारलेली फक्कीची रेष दुपारच्या दुसऱ्या सामन्यात पुसून गेलेली असते. मग चेंडू बाहेर गेला की नाही यावर दहा मिनिटं वाद. पंच बिचारा पायाने रेघ ओढून दाखवतो. सोळा संघांनी यातलं काय सुधारणार?

कोणी म्हणेल, कोलकाता तर पावसातच लीग खेळतं. खेळतं, आणि आपली पोरंही पावसात चिखलात उड्या मारत खेळतातच. कोकणातला खरा फुटबॉल तोच, असं माझं प्रामाणिक मत आहे. मासेमारीबंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै, किनाऱ्यावरची पोरं मोकळीही असतात. त्या दोन महिन्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांचे सात-सात जणांचे सामने लावा, मी गोलजाळ्या बांधायला येतो. पण अकराच्या लीगला पाण्याचा निचरा होणारं मैदान लागतं. तेवढा खर्च करायला आपल्याकडे अजून तरी कोणी पुढे आलेलं नाही.

बरं, वाढ नकोच असंही नाही. सोळा संघ घ्या, पण शेजारच्या तालुक्यांचे चार-चारचे चार गट करा. गटात दोनदा खेळून 48 सामने. प्रत्येक गटातले पहिले दोन मिळून आठ संघांची एक साखळी, 28 सामने. उरलेल्या आठांचे चार-चारचे दोन गट, एकेकदा खेळून 12. एकूण 88. वरच्याला 13 सामने मिळतात, खालच्याला 9, आणि पहिले सहा सामने तरी घराजवळ. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा एका रेषेवर. वेंगुर्ल्याचा संघ सावंतवाडीला दुपारी निघून रात्री घरी येऊ शकतो. उलट रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडच्या संघाला राजापूरला खेळायचं तर अख्खा जिल्हा ओलांडायचा, तोही आपल्या त्या महामार्गावरून. त्या गाडीचं भाडं कोण देणार, हा प्रश्न मेसेजने शिताफीने टाळलाय.

'गोव्याला जमतं, मग आपल्याला का नाही?'

गोव्याचं नाव घेतलं की आपल्याकडे वाद संपतो. पत्रादेवीचा नाका ओलांडला की फुटबॉलच फुटबॉल, हे खरंच आहे, आणि तिथे एकाखाली एक श्रेण्या आहेत हेही खरं. पण त्या श्रेण्यांखाली काय आहे ते बघा. गोवा फुटबॉल असोसिएशन 1959 ची, म्हणजे मुक्तीच्याही आधीची. साळगावकरांचा संघ 1956 चा, धेंपोंचा 1968 चा. खाणमालक घराण्यांनी पगार देऊन खेळाडू पोसले, आणि गावोगावी चर्चच्या आवारात किंवा शेजारच्या मैदानावर पोरं रोज संध्याकाळी खेळत राहिली. धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली ती या पायावर.

आता नकाशा. गोवा 3,702 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर. सिंधुदुर्ग 5,207 चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत. त्यातले तरणे मुंबईला. जागा दीडपटीच्या जवळ, माणसं पाऊणपटही नाहीत. त्यांचं वेळापत्रक उचलून इथे चिकटवलं तर ते टिकणार कसं? शिवाय आपल्या दोडामार्ग-बांद्याकडचा जो पोरगा खरंच चांगला निघतो तो गोव्यातल्या क्लबकडे जातो. एकदा सीआरएसवर, म्हणजे राष्ट्रीय महासंघाच्या खेळाडू-नोंदणी यंत्रणेत, तिकडची नोंदणी झाली की तो तिकडचा. घरच्या संघातून खेळायचं तर आधी रीतसर ट्रान्सफर. तो जातो याबद्दल माझी तक्रार नाही, त्याने जावंच. पण तळाच्या चारांना खाली पाठवल्याने तो थांबणार कसा, हे कोणी समजावून सांगेल का?

'खाली जायची भीती असली की प्रत्येक सामना जीव तोडून खेळला जातो.'

1898 मध्ये स्टोक आणि बर्नली यांच्यात वरच्या श्रेणीसाठी पात्रता सामना झाला. बरोबरी झाली तर दोघेही पहिल्या श्रेणीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. सामना 0-0. दोघांनी मिळून गोलच्या दिशेने चेंडू मारायचं टाळलं. त्या लाजिरवाण्या खेळानंतर पात्रता सामनेच बंद झाले. हे झालं अनोळखी माणसांच्या दोन शहरांत. आपल्याकडे शेवटच्या रविवारी समोरासमोर येणाऱ्या दोन वाड्यांमध्ये निम्मी सोयरीक असते. गोलकीपरचा मेव्हणा समोरून स्ट्रायकर. एक संघ सुरक्षित, दुसऱ्याला एक गुण हवा. काय होईल ते लिहायची गरज नाही.

ही झाली गंमत. खरी काळजी वेगळीच. हौशी संघाला खाली जायची भीती घातली की तो कोचिंग वाढवत नाही, शेवटच्या तीन सामन्यांसाठी बाहेरून पाच खेळाडू आणतो. पैसे गावातला एखादा ठेकेदार किंवा निवडणुकीला उभा राहणारा कोणी देतो. वर्षभर सरावाला येणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं बाकावर बसतात आणि पुढच्या वर्षी येतच नाहीत. तरीही संघ खाली गेला तर? व्यावसायिक क्लब खाली जाऊन परत वर येतो, कारण त्याला कर्मचारी आहेत, कर्ज आहे, प्रेक्षक आहेत. वाडीचा संघ खाली गेला की सचिव म्हणतो, यंदा नको, आणि किट पेटीत जातं. त्याच्या जागी वर यायला रांगेत कोणी उभं असेल तर चालेल एक वेळ. आपल्याकडे रांगच नाही. आज आहे त्या स्पर्धांतच समोरचा संघ आला नाही म्हणून पुढे चाल किती वेळा द्यावी लागते ते कोणत्याही आयोजकाला खासगीत विचारा.

'आयएसएलने दार बंद केलं म्हणून भारतीय फुटबॉल मेला.'

सहांपैकी याच मुद्द्यात दम आहे. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली वरची लीग; आय-लीग ही आधीची राष्ट्रीय लीग, पुढे तिच्याखालची ठरलेली. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, कारण मैदानावर जिंकूनही वरचं दार उघडणार नव्हतं. ज्यांनी देशाच्या फुटबॉलला खेळाडू दिले त्यांच्यावर ही वेळ आली, हा अन्यायच होता. पण तिथे रांग होती आणि दार बंद होतं. आपल्याकडे दार सताड उघडं आहे, नाव नोंदवा आणि खेळा. दुखणं निराळं असताना औषध तेच कसं चालेल?

आणि आयएसएलने दार उघडलं तेही कसं? 2019 च्या आराखड्यात आधी प्रमोशन आणि दोन हंगामांनंतर रेलिगेशन असं ठरलं होतं. आय-लीग जिंकून 2023 मध्ये पंजाब वर आला, 2024 मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग. 2024-25 च्या हंगामात मोहम्मडन तेरा संघांत तेरावा राहिला, तरी त्याला कोणी खाली पाठवलं नाही. कोट्यवधींचा व्यवहार असलेल्या लीगलाही वर येणं आणि खाली जाणं एकदम पेलत नाही, आणि आपण पहिल्याच वर्षी तळाचे चार काढणार.

म्हणून माझी सूचना एवढीच, आणि ती त्याच ग्रुपांवर टाकतोय. दुसऱ्या श्रेणीसाठी आठ संघ उभे करा. प्रत्येकाकडे स्वतःची सोळा वर्षांखालची टीम असू दे, सगळ्यांची सीआरएस नोंदणी होऊ दे, आणि एकही पुढे चाल न देता सलग दोन हंगाम वेळापत्रक पुरं करून दाखवा. मग वरच्या तळाचा एक आणि खालचा पहिला यांच्यात एक पात्रता सामना लावू, तिऱ्हाईत तालुक्याच्या मैदानावर, बाहेरच्या पंचांसमोर. त्या ठरावावर पहिली सही माझी. तोवर जिल्ह्याच्या बैठकीत आधी पंचांची यादी आणि मैदानाच्या तारखा टेबलावर येऊ द्या.